टाळेबंदी उठली, किडनीची रांग मात्र लांबलेलीच

सन २०१९ मध्ये मुंबई विभागात मेंदूमृत रुग्णांच्या नातेवाइकांनी केलेल्या अवयवदानांची संख्या ७९ होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे कोरोनाच्या पहिल्या वर्षी, ती ३० वर आली. २०२१ मध्ये ३३. त्यानंतरची दोन वर्षे आकडा पन्नाशीच्या आतच घुटमळला. साथ गेली, तोंडावरची मुसकी निघाली, लग्नं-जत्रा पूर्वीसारख्या भरू लागल्या, पण २०२४ संपेपर्यंतही २०१९ चा आकडा काही पुन्हा गाठला गेला नाही. मुंबईच्या यादीत एकट्या किडनीसाठी नाव लावून बसलेले रुग्ण तीन हजारांच्या वर आहेत.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. डहाणू रोडहून बोरिवली सुमारे ९० किलोमीटर. कसाऱ्याहून मुलुंडही साधारण तितकेच. पालघर आणि ठाणे जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातला किडनीचा रुग्ण आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला जातो आणि शेवटी बोरिवली, अंधेरी, मुलुंड किंवा घाटकोपरला पोचतो. कुणाचा भाचा तिथे चाळीत राहतो, कुणाची मुलगी दिलेली असते. त्या आधारावर उपचार सुरू होतात. अंधेरीचे कोकिलाबेन रुग्णालय आणि मुलुंडचे फोर्टिस ही उपनगरांतली प्रत्यारोपणाची मोठी केंद्रे आहेत. पुण्यात दान झालेले हृदय ऑगस्ट २०१५ मध्ये विमानाने आणून मुलुंडला एका तरुणाला बसवले गेले, ही बातमी त्या वेळी गावोगावी वाचली गेली होती. मुंबई शहरात केईएम, नायर, शीव ही पालिकेची रुग्णालये आहेत. म्हणजे रांग मुंबईची म्हटली तरी त्या रांगेत उभी असलेली माणसे आपल्यातलीही आहेत.

किडनी निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. एका वेळेला चार तास. एक पाळी चुकली की अंगावर सूज येते, दम लागतो. दोन-तीन चुकल्या तर माणूस हाती लागेलच याची खात्री नाही. भाताला पाण्याची पाळी चार दिवस लांबली तर आपण उतारा कमी धरतो, इथे तेवढी सवलत नाही. डहाणूकडून बोरिवलीला आठवड्यात तीन वेळा म्हणजे जाऊन-येऊन ५४० किलोमीटरचा प्रवास. हा प्रवास संपवायचा एकच मार्ग, दुसऱ्याची किडनी मिळणे.

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून उपनगरी गाड्या थांबल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. १५ जूनला लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्यांना ठरावीक वेळेत गाडीत चढता आले ते १ फेब्रुवारी २०२१ ला, आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद झाले. या काळात डायलिसिसचा रुग्ण गेला कसा? पोलिसांचा ई-पास मिळत होता, वैद्यकीय कारणाला परवानगी होती, हे खरे. पण पासाला गाडी लागते आणि गाडीला भाडे. आठवड्यातून तीन वेळा खासगी गाडी करायची ऐपत पाच एकरवाल्यालाही नसते. मजुराचे तर बोलायलाच नको.

त्याच वेळी शेतमालाच्या वाहनांना पास होते. भेंडी, काकडी, मिरचीचे टेम्पो पहाटे बोरिवली-मुलुंडला सोसायट्यांच्या दारात जात होते, आम्ही विस्तार खात्याची माणसे त्याच कामाला जुंपलेलो होतो. अशा टेम्पोत चालकाशेजारी बसून डायलिसिसला गेलेले दोन रुग्ण मला माहीत आहेत. नियमात ते बसत नव्हते. नाक्यावरच्या हवालदाराने हाताची सुई टोचलेली जागा पाहिली आणि जाऊ दिले. भाजी मुंबईत पोचवण्याची व्यवस्था आपण आठ दिवसांत उभी केली, माणूस पोचवण्याची नाही केली. हे कुणा एकाचे चुकले असे मी म्हणत नाही, पण झाले ते असे झाले.

तिथे पोचल्यावर दुसरी अडचण उभी. कर्मचाऱ्यांना लागण झाल्यामुळे मुंबईतली काही खासगी रुग्णालये आणि डायलिसिस केंद्रे एप्रिल २०२० मध्ये बंद करावी लागली. केंद्र बंद झाले की तिथले सगळे रुग्ण दुसऱ्या केंद्राच्या दारात, आणि दुसरे केंद्र म्हणणार आधी कोरोनाची तपासणी आणा. तपासणीचा निकाल यायला तेव्हा दोन-दोन दिवस लागत होते. रक्तातले विष काही निकालासाठी थांबत नाही. पुढे बाधित रुग्णांसाठी वेगळी यंत्रे ठेवली गेली, अंधेरीत मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय कोरोनासाठीच राखले गेले, मुलुंड, दहिसर, गोरेगावला मोठी तात्पुरती केंद्रे उभी राहिली. व्यवस्था हळूहळू बसली. पण पहिले दोन महिने फार वाईट गेले.

दान का आटले?

टाळेबंदीत रस्ते मोकळे होते. अवयव नेण्यासाठी एरवी पोलीस बंदोबस्त लावून रस्ता मोकळा करावा लागतो, तो तर आयताच मोकळा होता. तरीही दाने झाली नाहीत. कारणे नीट समजून घेतली पाहिजेत, कारण त्यांतली काही अजून गेलेली नाहीत.

मेल्यानंतर कुणाचीही किडनी काढून दुसऱ्याला बसवता येते, असा गावात समज आहे. तसे नाही. हृदय बंद पडून घरी वारलेल्या माणसाचे डोळे देता येतात, त्वचा देता येते. किडनी, यकृत, हृदय यांसाठी मेंदू मेलेला पण श्वास यंत्रावर चालू असलेला रुग्णच लागतो. असा रुग्ण बहुधा डोक्याला मार लागलेला किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासणी करते आणि मगच मेंदू मृत झाल्याचे ठरवते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने ही पद्धत घातली आहे, आणि हा कायदा लागू करणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

आता पाहा. टाळेबंदीत वाहने बंद, म्हणून अपघात कमी. ही चांगलीच गोष्ट. पण ज्यांच्या डोक्यात रक्तस्राव झाला तेही रुग्णालयापर्यंत वेळेवर आले नाहीत. आले ते यंत्रावर जायचे, तर अतिदक्षता विभागातले श्वासयंत्र कोरोनाच्या रुग्णाला लागलेले. मे २०२० मध्ये शासनाने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या, त्याला इलाज नव्हता. मेंदूमृत ठरवणारे डॉक्टर, नातेवाइकांशी बोलणारे समन्वयक, शस्त्रक्रियेची पथके, सगळी कोरोनाच्या कामावर. त्यातून एखादा रुग्ण मेंदूमृत ठरलाच तर त्याची कोरोना तपासणी. ती बाधित निघाली की दान रद्द.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट नातेवाइकांची. संमती ही सहीपुरती गोष्ट नसते. बायको, भाऊ, मोठा मुलगा, गावाकडचे चुलते असे सगळे जमतात, रडतात, भांडतात, एखादा शहाणा समजावतो, आणि मग कुठे होकार मिळतो. त्या काळात रुग्णाजवळ एकालासुद्धा थांबू देत नव्हते. फोनवर परक्या आवाजाने असले काही विचारले तर कोण हो म्हणेल? शिवाय रुग्णालयात नेलेला माणूस परत दिसत नाही, ही भीती तेव्हा गावागावांत बसली होती. माझ्या मते दानाचा आकडा पुढची वर्षे वर न येण्यामागे ही भीती बरीचशी आहे. खाटा मोकळ्या झाल्या, पथके आपापल्या कामावर परत आली. विश्वास तेवढा लवकर परत येत नाही.

हिशेब करून बघू. २०१९ च्या मानाने २०२० मध्ये ४९ दाने कमी झाली. एका दात्याच्या दोन किडन्या धरल्या तर जास्तीत जास्त ९८. प्रत्येक किडनी वापरण्याजोगी नसते हे धरूनही, कित्येक लोक त्या एका वर्षात रांगेतून सुटले असते ते सुटले नाहीत. आणि यादी थांबत नाही, तिच्यात दर महिन्याला नवी नावे पडतातच. पाणी आवर्तनात एकाची पाळी हुकली की खालच्या सगळ्यांची हुकते, हे कालव्यावर शेती करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

घरातला दाता

आपल्या देशात बहुतेक प्रत्यारोपणे मेंदूमृत दात्यावर होतच नाहीत. आई, बायको, बहीण, भाऊ यांच्यापैकी कुणीतरी किडनी देते. देणाऱ्यांत बायकांची संख्या जास्त आहे आणि घेणाऱ्यांत पुरुषांची, ही गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. बाई किडनी देते आणि चार महिन्यांत पुन्हा लावणीला उतरते, हेही कुणी बोलत नाही.

मार्च २०२० नंतर अशी जिवंत दात्याची प्रत्यारोपणे पुढे ढकला, असा सल्ला देशभर दिला गेला. देशात २०१९ मध्ये सगळ्या अवयवांची मिळून बारा हजारांवर प्रत्यारोपणे झाली होती, ती २०२० मध्ये साडेसात हजारांच्या आत आली. सल्ला चुकीचा नव्हता. धडधाकट बाईला किडनी काढण्यासाठी रुग्णालयात न्यायचे आणि तिथेच तिला कोरोना व्हायचा, हे कोणता डॉक्टर पत्करेल? घेणाऱ्याची तर गोष्टच वेगळी. आंब्याचे कलम बांधताना खुंट आणि काडी जुळली की आपले काम संपते. माणसाचे शरीर मात्र जुळलेली किडनीही परकी म्हणून झिडकारते. ते झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. अशा माणसाला साथीच्या रोगाने गाठले तर अंगात लढायला बळ कमी. देशातल्या १३ केंद्रांतल्या, कोरोना झालेल्या २५० किडनी प्रत्यारोपित रुग्णांची पाहणी झाली, त्यात सुमारे १२ टक्के दगावले. म्हणजे थांबले तरी धोका, आणि शस्त्रक्रिया केली तरी धोका. डायलिसिसला जाणाऱ्याला घरी बसून राहण्याचीही सोय नव्हती, त्याला आठवड्यातून तीन वेळा रुग्णालयात जावेच लागत होते.

ढकलली गेलेली शस्त्रक्रिया नुसती तारीख बदलून होत नाही. दाता आणि रुग्ण यांच्या तपासण्या जुन्या होतात, त्या पुन्हा कराव्या लागतात, पुन्हा खर्च. दोघांपैकी एकाला कोरोना होऊन गेला तर आणखी काही आठवडे थांबायचे. कागदपत्रांचेही तेच. नात्याचा पुरावा लागतो आणि जवळच्या नात्याबाहेरचा दाता असेल तर त्याच्या रहिवासाची पडताळणी तहसीलदाराकडून लागते. त्या काळात तहसील कचेऱ्या धान्यवाटप, विलगीकरण आणि परराज्यांतल्या मजुरांच्या याद्या यांत बुडालेल्या होत्या. किडनीचा कागद टेबलावर कितव्या नंबरला असेल, याचा अंदाज ग्रामसेवक-तलाठी मंडळींना माझ्यापेक्षा चांगला येईल.

लस आली तेव्हा

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले. १ मार्चपासून साठीच्या वरचे आणि ४५ च्या वरचे ठरावीक आजारांचे रुग्ण यांची पाळी आली. त्या आजारांच्या यादीत डायलिसिसचे रुग्ण होते, प्रत्यारोपण झालेले होते आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीतलेही होते. इथपर्यंत शासनाने नेमके ओळखले असे म्हणावे लागेल. पण ४५ ची अट? तिशीतला डायलिसिसवरचा जवान पोरगा १ मेपर्यंत थांबला. १ मेला १८ वर्षांवरच्यांना लस खुली झाली आणि साठा अपुरा म्हणून त्याच महिन्यात राज्याने तरुणांचे लसीकरण थांबवले. दुसरी लाट ऐन भरात होती तेव्हाची ही गोष्ट. वयाची अट निरोगी माणसासाठी ठीक होती. ज्याची किडनी गेली त्याला वय विचारण्यात काय हशील होते, हे मला अजून उमगलेले नाही.

गावाने काय केले

गावांनी वेशी बंद केल्या. बांबू आडवे टाकले, काटेरी फांद्या टाकल्या. मुंबईहून येणाऱ्याला शाळेत चौदा दिवस ठेवले. कोरोना रोखायला त्याचा काही प्रमाणात उपयोग झाला असेलही. पण आठवड्यातून तीन वेळा मुंबईला जाऊन येणाऱ्या रुग्णाचे काय करायचे, याचे उत्तर कोणत्याच ग्राम समितीकडे नव्हते. प्रत्येक खेपेला चौदा दिवस तर ठेवता येत नाही. काही ठिकाणी सरपंचांनी समजूतदारपणा दाखवला. काही ठिकाणी त्या घराचे पाणी-दूध बंद झाले. ऐपत असलेली कुटुंबे नालासोपारा, कल्याण, मुलुंड अशी भाड्याने राहायला गेली, जमीन पडीक ठेवून. खरिपाच्या पाहणीत "मालक गावी नाही" एवढाच शेरा पडतो. त्यामागे काय आहे, ते शेऱ्यात दिसत नाही.

औषधांचीही तीच तऱ्हा. प्रत्यारोपण झालेल्याची रोजची गोळी तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, मुंबईहून येते. एस.टी. बंद, तर गोळी कशी येणार? टपाल खात्याने त्या दिवसांत औषधांची पार्सले पोचवली, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. गावचा पोस्टमन सायकलवर किडनी वाचवत होता म्हटले तरी चालेल.

सप्टेंबर २०२० मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" ही मोहीम निघाली. आशा ताई घरोघर फिरल्या. ताप बघितला, ऑक्सिजन बघितला आणि मधुमेह, रक्तदाब, किडनीचे आजार कुणाला आहेत याची नोंद केली. म्हणजे राज्यातल्या गावागावांतल्या जुनाट रुग्णांची यादी एकदा तयार झाली होती. ती यादी आज किती ग्रामपंचायतींत, किती उपकेंद्रांत हाताशी आहे? पूर, वादळ, संप, पुन्हा एखादी साथ, काहीही आले की पहिल्या दिवशी लागणारा कागद तोच आहे. पूररेषेतल्या घरांची यादी आपण ठेवतो, विहिरींची ठेवतो, जनावरांची तर दर पशुगणनेत ठेवतोच. डायलिसिसवरचे रुग्ण एखाद्या गावात किती असतात? एक, दोन, फार तर चार. तेवढी नावे, जायचे वार, केंद्राचे ठिकाण आणि गावातली एक ठरलेली गाडी एवढे ग्रामपंचायतीच्या आपत्ती आराखड्यात लिहिले तरी पुष्कळ. ठरलेल्या गाडीचे भाडे कोणत्या शीर्षातून द्यायचे, हा प्रश्न ग्रामसेवक भाऊसाहेब लगेच विचारतील. योग्यच आहे, तो जिल्हा परिषदेने आत्ताच सोडवून ठेवावा. आणीबाणीत शीर्ष शोधत बसायला वेळ नसतो.

डायलिसिस जवळ आणणे हा त्याहून पक्का उपाय. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आलेली आहेत. पण यंत्र असणे आणि ते तिन्ही पाळ्यांत चालणे यांत फरक आहे. तंत्रज्ञ पाहिजे, शुद्ध पाण्याची टाकी पाहिजे, वीज गेल्यावर चालणारा जनरेटर पाहिजे. आपल्या आमदार-सभापतींना उद्घाटनाला बोलवतानाच पाळ्या किती, हे विचारून ठेवावे.

ज्यांच्या घरात रुग्ण आहे त्यांच्यासाठी कामाच्या दोन-चार गोष्टी. प्रतीक्षा यादीत नाव रुग्णालयामार्फत लागते, दलालामार्फत नाही. नाव लावून देतो म्हणून पैसे मागणारा सरळ फसवतो आहे. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रे आहेत. ठाणे, पालघर, रायगडची मंडळी मुंबई केंद्राकडे येतात. किडनीच्या यादीत डायलिसिस किती महिन्यांपासून चालू आहे याला गुण असतात, म्हणून पहिल्या दिवसापासूनचे कागद फाइलला लावून ठेवावेत. नाव लावल्यावर तपासण्या ताज्या ठेवाव्यात आणि फोन नंबर बदलला तर रुग्णालयाला त्याच दिवशी कळवावे. किडनी मिळाल्याचा फोन रात्री दोनलाही येतो आणि ती फार काळ टिकत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली आहे. शिधापत्रिका आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर प्रकरण तिथेच अडते, ती दुरुस्ती आजारपणाच्या आधी करून घ्यावी.

आणि ज्यांना स्वतः दाता म्हणून नोंद करायची आहे त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२३ पासून आधारवर आधारित राष्ट्रीय नोंदणी सुरू आहे. मोफत चौकशी क्रमांक १८००११४७७०. नोंद केली तरी शेवटची संमती घरच्यांचीच लागते, तेव्हा फॉर्म भरल्यावर तो घरात चार माणसांना वाचून दाखवावा.